अस्तराचा आवाज

चर्चच्या क्वायरनं नाताळात म्हणायचं मोठं गाणं कुठल्या रेकॉर्डवरून शिकायचं, ते आमच्या घरात, आमच्या शिलाई मशिनांच्या मधोमध ठरलं, असं सांगितलं की माझी नात हसते. ती हेब्बाळला कंपनीत आहे. सकाळी कंपनीची बस यायच्या आधी कानात फोनच्या गाण्याची बोंडं घालून डोसा खाते, म्हणजे डोसा कसा झालाय हे विचारायची सोय नाही. परवा म्हणाली, "आज्जी, तुझं ते गाणं फोनवर ढीगभर आहे. कुठलं लावू?" मी म्हटलं, लाव कुठलंही. तर म्हणते, "मग झालं, सगळी सारखीच तर वाटतात." सारखी वाटतात म्हणे. आमच्याकडे तीनच आली होती, आणि तेवढ्यावरून एक म्हातारा स्टुलावर उभा राहून रडवेला झाला होता आणि माझी एक जन्माची गोष्ट अडली होती.

ऑरेटोरिओ हा शब्द मला पुष्कळ उशिरा कळला. तेव्हा आम्ही नुसतं 'मोठं गाणं' म्हणायचो. मोठं म्हणजे किती, तर सगळं म्हटलं तर पोळ्यांची कणीक भिजवून, पोळ्या होऊन, जेवून, भांडी घासून व्हावीत एवढं. देवाची गोष्ट असते, पण कुणी सोंग घेत नाही, कुणी हातवारे करत नाही. नुसते उभे राहून गातात. मध्ये एखादी बाई किंवा बुवा एकटे गातात, मग पुन्हा सगळा जमाव. आणि एकच ओळ वीस वेळा. हे शेवटचं मात्र आमच्या चांगल्या ओळखीचं होतं. भजनात आम्ही तरी दुसरं काय करतो? देवाला एकदा सांगून कळत नाही, यावर सगळ्या धर्मांचं एकमत दिसतं.

आम्ही शिंपी. लष्कर मोहल्ल्यात घर, पुढची मोठी खोली म्हणजे दुकान. मैसूरला कधी आलो, कुठून आलो असं कुणी विचारलं तर अप्पा मशीनकडे बोट दाखवून "हिला विचारा" म्हणायचे. घरात मराठी, दुकानात कन्नड, आणि राग आला की जी जवळ असेल ती. पुण्याची माझी सून सुरुवातीला आमचं बोलणं ऐकून तोंडाला पदर लावायची. आता तीच "साकु की आता" म्हणून नवऱ्याला गप्प करते. विठ्ठलाच्या देवळात एकादशीला भजन असायचं, अप्पा तिथे पुढे बसायचे. पण खरं भजन चालायचं ते दुकानात. चार मशिनं एकदम चालायला लागली की जमीन बारीक थरथरायची, आणि त्या घरघरीवर अप्पा गायचे, कामाला असलेले दोघे टेलर मागून ओढायचे. पायाखालचं पॅडल हाच ताल. अप्पा अंतऱ्यात रंगले की शर्टाची बाही वाकडी जायची. मग उसवायचं काम मागच्या खोलीत आम्हा बायकांकडे. मागच्या खोलीत आई, अत्त्या आणि मी. काजं, बटणं, तुरपाई. अत्त्या म्हणजे अप्पांची थोरली बहीण, नवरा लवकर गेला म्हणून परत आलेली. नवऱ्याबद्दल ती एवढंच म्हणायची, "गेला बिचारा, सुटला." कुणापासून ते सांगायची नाही.

डिसेंबर आला की घरभर अवरेचा वास. अवरे म्हणजे आपल्या वालाची मैसूरची बहीण. ओले दाणे रात्री भिजत घालायचे आणि दुसऱ्या दिवशी एकेक दाणा चिमटीत दाबायचा, म्हणजे साल हातात राहतं आणि आतला गर टुणकन उडून ताटात पडतो. मग त्याचं सारू, म्हणजे पातळ आमटी, वर नारळ, आणि भात. महिनाभर बोटांना तोच वास. अत्त्या या कामाची सेनापती. तिच्या चिमटीतून दाणा थेट ताटात जायचा, माझ्यातून कधी भिंतीवर, कधी विठ्ठलाच्या फोटोवर. "हिला नवऱ्याच्या घरी काय, तोफखान्यात पाठवा," असं ती आईला सांगायची.

नवऱ्याचं घर बघून झालं होतं, हेही सांगून टाकते. सरगूरचं. कापडाचं दुकान, चांगली माणसं. संक्रांतीनंतर बोलणी पक्की करायची होती. मला त्यात तक्रार नव्हती. तक्रार असती तरी विचारणार कोण? एवढं मात्र माहीत होतं की पुढच्या नाताळात मी मैसुरात नसणार.

आता माझ्या आवाजाचं. माझा आवाज खाली. बायकांनी जिथून भजन उचलायचं तिथे माझा गळा पोचायचाच नाही. देवळात बायका वर चढल्या की मी खालीच फिरत राहायचे, पाण्याची घागर घेऊन जिना न चढता आल्यासारखी. शाळेत प्रार्थनेला मला मागच्या रांगेत उभं करून नुसते ओठ हलवायला सांगत. अत्त्या म्हणायची, "आवाज आहे, पण देताना देवाची माणसं चुकली. कुणा पैलवानाचा असणार." मी फक्त मागच्या खोलीत गायचे, काजं करताना, मशिनांच्या आवाजाखाली. तिथे कुणाला त्रास नव्हता.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक धाकटं चर्च होतं. थोरलं चर्च लांब, शिखरवालं. ते परदेशी लोक बघायला येतात. धाकट्याला शिखर नव्हतं, क्वायर होता. त्यांच्या क्वायरचे नवे झगे शिवायला अप्पांकडे आले, आणि मापं द्यायला फ्लोरी मिस आल्या. मिस शाळेत गाणं शिकवायच्या, क्वायर त्यांच्याच हाताखाली. काळ्या, किरकोळ, केसांचा घट्ट अंबाडा आणि बोलणं कैचीसारखं. टेप गळ्याभोवती असतानाच त्या थबकल्या. "टेलरे, मागे कुठला मुलगा गातोय?"

अप्पा म्हणाले, "मुलगा नाही मिस, आमची रुक्मिणी आहे."

मिस सरळ पडदा सारून आत आल्या. मी पायजम्याची नाडी ओवत होते. त्यांनी मला गायला लावलं, खाली उतरवलं, अजून खाली उतरवलं, आणि मग अप्पांना कन्नडमध्ये म्हणाल्या, "या मुलीला क्वायरला द्या. माझ्याकडे आल्टो दोन आहेत. एकीला दिवस गेलेत, दुसरीला ऐकू येत नाही."

आल्टो म्हणजे काय हे त्यांनी मला फार सोपं करून सांगितलं. क्वायरमध्ये चार आवाज चार वेगळ्या चाली एकदम गातात. सगळ्यात वर सोप्रानो बायका, लोकांना आठवते ती चाल त्यांची. सगळ्यात खाली बेस, जाडे पुरुष. टेनर मध्ये कुठेतरी. आणि सोप्रानोच्या खाली आल्टो. "तू आल्टो," मिस म्हणाल्या. "अस्तर. कोटाला असतं ना, तसं. दिसत नाही, पण काढलं तर कोट लोंबतो." शिंप्याच्या मुलीला एवढं पुरे होतं. इतकी वर्षं मला वाटत होतं माझ्या गळ्यात खोट आहे, आणि इथे एक बाई सांगत होती की त्या जागेला नाव आहे आणि ती जागा रिकामी आहे.

देवळातल्या मंडळींनी कुरकुर केली. अप्पांनी एकाच वाक्यात मिटवलं: "झगा शिवलेला चालतो, झग्यात मुलगी उभी राहिलेली चालत नाही?" विठ्ठलाला त्यांनी विचारलं की नाही, माहीत नाही. विचारलं असलं तर त्यानं नेहमीसारखे हात कमरेवरच ठेवले असणार.

अडचण वेगळीच होती. इंग्रजी स्वरलिपी, ते रेघांवर बसलेले काळे वाटाणे, मला वाचता येत नव्हते. क्वायरमध्येही बहुतेकांना येत नव्हते. आजवर मिस एकेकाला त्याची चाल गाऊन शिकवायच्या. पण त्या वर्षी डॉक्टरांनी त्यांच्या घशाला सक्त विश्रांती सांगितली होती, आणि चर्चच्या बाजापेटीचा भाता उंदरांनी खाल्ला होता. म्हणून रेकॉर्ड. रेकॉर्ड लावायची, ज्यानं त्यानं त्यातून आपली चाल कानानं ओढून काढायची आणि पाठ करायची. बेंगळूरच्या एका लायब्ररीतून मिसनी त्याच गाण्याचे तीन वेगवेगळे संच विनवण्या करून आणले होते. नियम असा की एक ठेवून घ्यायचा, दोन परत. मिसनी मला स्पष्ट सांगितलं, "रेकॉर्डमधून तुझी चाल तुला काढता आली तर तू उभी राहशील. नाही आली तर पुढच्या वर्षी बघू."

पुढच्या वर्षी मी सरगूरला दुकानात वार मोजत असणार होते. म्हणून कुठली रेकॉर्ड ठेवतात, हा बाकीच्यांच्या आवडीनिवडीचा प्रश्न होता, माझ्या नाही.

चर्चच्या हॉलला नाताळाचा रंग चालला होता. झग्यांच्या ट्रायलला सगळा क्वायर आमच्याकडे येणारच होता, म्हणून मिसनी ठरवलं की ट्रायल आणि रेकॉर्डींची निवड एकाच संध्याकाळी, टेलरांच्या घरी. रेकॉर्ड प्लेअर सॅम्युअल सरांचा. सर म्हणजे क्वायरचे सगळ्यात जुने बेस, रेल्वेतून रिटायर झालेले, उंच, पांढऱ्या मिशा, चालताना पाठ अशी ताठ की मागून इस्त्री फिरवावी. त्यांच्या शब्दाला क्वायरमध्ये मिसच्या शब्दाइतकंच वजन, कधी जास्त. त्यांनी प्लेअर कापडात गुंडाळून स्वतः छातीशी धरून आणला. मशिनं भिंतीला सरकवली. अप्पांनी तोंडात टाचण्या धरून कच्चे टाके घातलेले झगे एकेकाच्या अंगावर चढवायला सुरुवात केली. मी आणि आई मागच्या खोलीच्या उंबऱ्यात अवरेचं ताट घेऊन. अत्त्या उंबऱ्याच्या मधोमध, कारण तिला दोन्हीकडचं दिसलं पाहिजे.

पहिली रेकॉर्ड सरांच्या आवडीची. कव्हरवर एका मोठ्या हॉलमध्ये शेकडो माणसं उभी. सुई टेकली, आणि अय्यो, काय सांगू. दसऱ्याला राजवाड्यासमोरची सगळी गर्दी एकदम आमच्या दुकानात शिरली. खिडकीची काच थरथरली. दोऱ्याची रिळं फळीवर नाचायला लागली. अत्त्या म्हणाली, "एवढी माणसं? यांच्या घरी स्वयंपाक कोण करतं?" मी कान लावून बसले होते. मिसनी सांगितलेली ती मधली जागा शोधत होते, सोप्रानोच्या खाली, बेसच्या वर. काही सापडेना. नुसता एक मोठा गोळा होता, कालवलेल्या भातासारखा. त्यातून एखादं शीत वेगळं काढून दाखव म्हटलं तर कसं दाखवणार?

मग त्या गाण्यातली सगळ्यात मोठी जागा आली, आणि एकाएकी सगळा क्वायर उठून उभा राहिला. ती त्यांची रीत. कधी काळी कुणी राजा त्या जागी उभा राहिला म्हणून आजवर सगळे उभे राहतात. (हे मिसनी नंतर सांगितलं तेव्हा अत्त्या म्हणाली, "पायाला मुंग्या आल्या असतील बिचाऱ्याच्या.") पण आम्हाला हे काय माहीत? आमच्या घरी भजनात सगळे उठून उभे राहिले की त्याचा अर्थ एकच, आरती. अप्पा टाचण्या काढून टाळ्या द्यायला लागले. दोघे टेलर जागच्या जागी प्रदक्षिणा घालायला लागले. आणि अत्त्या ताट बाजूला सारून आत गेली आणि तबकात कापूर पेटवून बाहेर आली. देव कुठे आहे हे तिनं एक क्षण शोधलं. आवाज जिथून येत होता तिथेच तो असणार, म्हणून तिनं सरळ रेकॉर्ड प्लेअरला ओवाळलं, आणि मग रीतसर तबक सगळ्यांपुढे फिरवलं.

मिसनी दोन्ही हात ज्योतीवर धरून डोळ्यांना लावले. त्यांचे खांदे हलत होते. बाकीचे कुणी खोकले, कुणी मिसचं बघून हात पुढे केले. आई पदराआड तोंड लपवून "अहो अत्त्याबाई, अहो अत्त्याबाई" करत होती. सॅम्युअल सर मात्र हसले नाहीत. गाणं संपलं तसे ते वळून म्हणाले, "पाहिलंत मिस? या अम्मांना एक अक्षर कळलं नाही, तरी यांनी आरती केली. याला म्हणतात रेकॉर्ड. आता दुसरं काय ऐकायचं राहिलं?"

अत्त्यानं एका कापराच्या वडीनं माझा घात केला होता. तिला काय माहीत. ती तबकातली राख फुंकत समाधानानं बसली.

दुसरी रेकॉर्ड लावली. ती फार पवित्र होती. इतकी हळू की एका ओळीत आईचे दोन मुठी दाणे सोलून झाले. एक बाई एकटी गात होती, तिचा आवाज सारखा कापत होता. "हिला कुणी शाल द्या," अत्त्या म्हणाली. दोघांपैकी एक टेलर भिंतीला टेकून झोपला. क्वायरमध्येही कुणी तिची बाजू घेतली नाही.

"झालं तर मग," सर म्हणाले. "हात वर करा. मोठी रेकॉर्ड कुणाकुणाला?"

भराभर हात वर गेले. मी उंबऱ्यात. माझा हात अवरेच्या पाण्यात. अजून मी क्वायरची कुणी नव्हते.

मिस म्हणाल्या, "तिसरी ऐकायची आहे अजून."

"तिसरी कशाला? त्यात वीस-पंचवीस माणसं आहेत. कव्हर बघूनच कळतं. चहाला जमल्यासारखी. टेलरे, तुम्ही सांगा, कोटाचं अस्तर कुणी बाहेरून दाखवतं का?"

अप्पा म्हणाले, "दाखवत नाही सर. पण शिवताना मला तरी दिसावं लागतं. आता हलू नका, टोचेल."

तेव्हा नेमके सर स्टुलावर उभे होते. झग्याचा खालचा घेर टाचण्यांनी भरलेला, हात दोन्ही बाजूंना पसरलेले. त्यांना खाली उतरून सुई उचलता येईना. मिसनी ते हेरलं आणि तिसरी रेकॉर्ड लावून टाकली.

ती सुरू झाली तेव्हा मला आधी वाटलं, प्लेअर बिघडला. एवढं कमी. मग कान सरावला. चार माणसं चार बाजूंनी एकाच चौकात येताना दिसावीत तसं होतं. ही सोप्रानो चालली, हा टेनर मागून आला, आणि मध्ये, अगदी माझ्या उंचीची, एक चाल चालली होती. मुद्दाम कुणाच्या पुढे नाही, कुणाच्या मागे नाही. मी ती गायलाच लागले, शब्द येत नव्हते तर नुसतं आ करून. ताटातला हात ताटात. मिसनी सुई उचलली, मागे नेली, पुन्हा टेकवली, आणि माझ्याकडे बोट केलं. मी पुन्हा गायले. क्वायरमधल्या त्या कमी ऐकू येणाऱ्या ताईंनी शेजारणीला विचारलं, "कोण आहे?"

अत्त्याला आता अभिमान चढला. तिला गाण्यातलं काही कळत नव्हतं, पण आमचं काहीतरी जिंकलं एवढं कळलं. ती स्टुलावरच्या सरांकडे वर बघून म्हणाली, "आमच्या पोरीची चाल कळली. यजमानरे, आता तुमची कुठली ती दाखवा की."

"सगळ्यात खालची," सर म्हणाले.

"मग म्हणून दाखवा ना स्वल्प. आम्हाला काय कळतंय, पण ऐकतो."

यात तिचा काही डाव नव्हता, हे मी आजही शपथेवर सांगेन. पाहुण्याला आग्रह करायचा, एवढंच. मिस "राहू दे" म्हणणार तेवढ्यात कुणीतरी सुई पुन्हा टेकवली. सरांनी छाती भरून घेतली आणि गायले. आवाज काय सुंदर होता त्यांचा, विहिरीतून येणारा. पण ते जे गात होते ती सोप्रानोची चाल होती. बायकांचीच चाल, खालच्या पट्टीत. आणि त्यांच्या आवाजाखाली रेकॉर्डमध्ये खरे बेस वेगळ्याच वाटेनं चालले होते. त्या मोठ्या रेकॉर्डमध्ये हे कुणाला कळलं नसतं. क्वायरमध्ये इतकी वर्षं कळलं नव्हतं, किंवा कळलं असेल आणि मोठ्या माणसाला सांगणार कोण? या वीस-पंचवीस माणसांत मात्र लपायला जागा नव्हती. सरांनी चार ओळींनंतर तोंड मिटलं. रेकॉर्ड चालू राहिली. सगळे जमिनीकडे बघत होते, जणू तिथे सुई पडलीय. सर स्टुलावर तसेच, हात पसरलेले, टाचण्यांत अडकलेले, मिशा थरथरत होत्या.

आता मिस दया येऊन मोठीच रेकॉर्ड ठेवतील, हे मला लख्ख दिसलं. चांगुलपणा वगैरे काही नव्हता, मला माझी भीती होती. म्हणून बोलले. "सर, मोठीत मलाही माझी चाल सापडली नाही. किती शोधली. त्यात सापडतच नाही हो."

सरांनी खाली बघितलं. "आणि हिच्यात सापडते?"

"सापडते."

"माझीपण?"

"तुमचीपण. ऐका. आत्ता ती खाली उतरतेय. आता थांबली. आता पुन्हा."

सरांनी ऐकलं. डोळे मिटून ऐकलं, ते गाणं संपेपर्यंत. मग घसा साफ करून मिसना म्हणाले, "मिस, ही ठेवा. मोठीवर एक ओरखडा आहे."

मोठीवर ओरखडा नव्हता. पण बघता बघता तो सगळ्यांना ऐकू आला होता असं निघालं. टेनर तर म्हणाले, दोन आहेत.

"आणि प्लेअर इथेच राहू दे," सर स्टुलावरून उतरता उतरता म्हणाले. "घरी मुलीचा परीक्षेचा अभ्यास चालू आहे." मुलीचं लग्न होऊन ती हुबळीला नांदत होती, दोन मुलं होती तिला. अप्पांनी त्यांच्या अंगावरचा झगा टाचण्यांसकट अलगद सोडवला आणि म्हणाले, "राहू द्या की सर. मशिनांनाही करमेल."

त्यानंतर रोज संध्याकाळी सर यायचे. दुकानात भिंतीकडे तोंड करून खुर्चीत बसायचे, म्हणजे रस्त्यावरून कुणाला चेहरा दिसू नये. मी शेजारी काजं करत. सुई मागे न्यायची, पुन्हा ऐकायचं, पुन्हा चुकायचं. सर त्या वरच्या चालीवर इतके घसरायचे की कुणी तूप सांडलंय असं वाटावं. मी "सर" एवढंच म्हणायचे, ते परत खाली यायचे. मशिनं चालूच असायची, अप्पांना ऑर्डरी होत्या. पहिले काही दिवस गाण्याचं आणि पॅडलांचं जमेना, मग टेलरांनी पाय जरा हळू केला, आणि जमलं. आई सरांना अवरेचं सारू वाटीत घालून द्यायची. ते पिऊन म्हणायचे, "चर्चमधल्या केकपेक्षा हे बरं." एकदा मला विचारलं, "अम्मा, तुझ्या देवाला हे चालतं का?" मी म्हटलं, "सर, तो विटेवर उभाच आहे. तुमच्या राजासारखा." ते इतके हसले की सारू मिशांवर.

नाताळात चर्च खचाखच भरलं होतं. आमच्या घरचे मागच्या बाकावर, अत्त्या मध्ये, आईनं तिचा हात घट्ट धरलेला. मी नव्या झग्यात, ज्याची काजं मीच केली होती. एकेक गाणं झालं, आणि मग ती मोठी जागा आली, लोक उभे राहिले. आणि सोप्रानो चुकल्या. दोघी आधीच घुसल्या, बाकीच्यांना वाटलं आपण मागे पडलो, आणि लाजेनं सगळ्याच गप्प झाल्या. टेनर होतेच दीड, ते सोप्रानोंकडे बघून थांबले. माझ्या शेजारच्या ताई माझ्या तोंडाकडे बघून गायच्या, त्या घाबरून थांबल्या. राहिले कोण? मी आणि सॅम्युअल सर. दोघंच. चाल नाही, नुसतं वरचं अस्तर आणि खालची किनार. ऐकायला फार विचित्र. बाह्या शिवल्या आणि अंगच नाही, तसं. लोक एकमेकांकडे बघायला लागले. हे कुठलं गाणं, कुणालाच ओळखू येईना. शांत चर्चमध्ये मागून अत्त्याचा आवाज स्पष्ट आला, "हे दोघं काय म्हणतायत?" आणि अप्पांचा, "सुम्मने बस, गप. ती आपली आहे."

मिसनी हात खाली केला नाही. आमच्याकडे बघत त्या ताल देत राहिल्या. सर खाली उतरत होते, मी मध्ये चालले होते, जिथे जिथे जायचं तिथे तिथे दोघंही पोचलो. आजवर मी पुष्कळ गायलेय, सरगूरला, देवळात, नातवंडांना झोपवताना, यांच्या शेवटच्या आजारपणात यांच्या उशाशी. पण माझा आवाज एवढ्या माणसांत उघडा कधी पडला नव्हता, आणि तो उघडा पडलाय आणि चुकत नाही हे मला ऐकू येत होतं.

मग सोप्रानोंना वाट सापडली. त्या वर चढल्या आणि लोकांनी सुटकेचा श्वास सोडला, हां, तेच गाणं. सगळे आवाज परत भरले. मी सरांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा आनंदानं लाल झाला होता. ते इतके खूष झाले होते की शेवट जवळ आला तसे ते बिनधास्त, छाती फुगवून, पुन्हा बायकांच्या चालीवर गेले. खणखणीत, सगळ्यांच्या वर. इतक्या दिवसांची मेहनत गेली उडत. मिसनी त्यांच्याकडे बघितलं, कपाळाला आठी घातली, मग आठी सोडली आणि माझ्याकडे बघितलं.

मी माझ्या चालीवर होते.